मधल्या पट्टीची काळी वायर

आमच्या घरात लग्न असो की बारसं, जेवणं आटोपली की कोणीतरी म्हणतंच — मधूकाका, ती धुळ्याची सांगा ना. आणि मी सांगतो. नानांनी स्वतःच्या हातांनी बास गिटार कशी बनवली, धुळ्याच्या शेठजींच्या दुकानात ती पाच दिवस कुंकू लावून कशी बसली, आणि लाभपंचमीच्या मुहूर्तावर सगळ्यांसमोर कशी मुकी झाली. शेठजींच्या आईची मी नक्कल करतो. लोक आडवे होतात. अक्का — माझी थोरली बहीण, नानांची बायको — तीसुद्धा पदर तोंडाला लावून हसते.

तीसेक वेळा तरी सांगितली असेल. पण तिच्यातला एक तुकडा मी आजवर कोणालाही सांगितलेला नाही. बायकोला नाही, अक्काला नाही. देवापुढेही फक्त पुटपुटलोय, तेही तो दुसऱ्या कुणाचं ऐकत असेल अशा वेळी. फार मोठा तुकडा नाही हो. वायरी जोडायच्या कथिलाचा एक थेंब, मुगाच्या दाण्याएवढा. तुम्ही आमच्या नात्यातले नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. लिहायला बसलो तर तसं काही दिसत नाही.

आधी नाना कोण ते सांगतो. उशीर करतोय, कळतंय मला — पण नाना कोण हे कळल्याशिवाय त्या थेंबाचं वजन कळणार नाही.

नाना शिंदखेड्याकडचे. जळगावात कापसाच्या एका जिनिंगमध्ये फिटर. शिक्षण चौथी. बोलणं अस्सल अहिराणी, आणि तेही मोजकं. मी त्यांचा मेहुणा, तेव्हा वय सत्तावीस, रेडिओ दुरुस्तीचं दुकान, आणि टपालाने केलेल्या कोर्सचं सर्टिफिकेट. ते सर्टिफिकेट मी फ्रेम करून दुकानात लावलं होतं, गणपतीच्या शेजारी. गणपतीपेक्षा दोन बोटं वरच. बायकोने दाखवून दिलं तेव्हा मी म्हणालो, खिळा तिथेच होता. खोटं बोलायची सवय लहान खिळ्यांपासूनच लागते.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीची ही गोष्ट. मुंबईचा एक ऑर्केस्ट्रा जळगावला आला होता. त्यांच्या एका ॲम्प्लिफायरचा फ्यूज मी बसवून दिला, त्याचे दोन पास मिळाले. अक्काने नानांना बळेच पाठवलं. आमची जागा अगदी स्पीकरच्या पेटीपुढे — फुकट्यांना देतात ती. गाणं सुरू झालं. आणि मग तो आवाज आला. आला म्हणजे — कानात नाही आला हो आधी. बाकड्यातून आला. बुडाखालून वर चढला, बरगड्यांत शिरला आणि तिथेच घुमत राहिला. स्टेजवर मागे एक काटकुळा माणूस चार तारांचं लांब वाद्य गळ्यात अडकवून उभा होता. त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. फक्त नानांचं होतं. नानांनी तळहात बाकड्यावर पालथा ठेवला होता. पुढचे अडीच तास तो उचललाच नाही. गाणाऱ्या बाईंचं नाव काय, त्यांनी साडी कसली नेसली होती — अक्काने घरी गेल्यावर विचारलं, नानांना एकही उत्तर देता आलं नाही.

त्यानंतर आठ महिने ते वाद्य बनवत होते.

नशिराबादला एक जुनं घर पाडत होते, तिथून सागाची चौकट आणली. तिची मान झाली. अंगाला त्याच घरचं दार. तारेखालचं चुंबक माझ्या दुकानातल्या फुटक्या स्पीकरचं. त्या चुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याची तार हजारो वेळा गुंडाळायची असते — ती नानांनी अक्काच्या शिलाई मशीनवर गुंडाळली, बॉबिन भरतात तिथे. वेढे मोजताना त्यांच्याशी कोणी बोलायचं नाही. अक्का स्वयंपाकघरातून हातवाऱ्यांनी विचारायची, जेवायला वाढू का? नाना मान हलवायचे आणि वेढा चुकायचा, की पहिल्यापासून सुरू. ते चिडायचे नाहीत. मी बघत बसायचो. मला तेव्हाही कळत होतं की आपण काहीतरी वेगळं बघतोय. फक्त ते माझ्यापेक्षा मोठं आहे, हे कळायचं राहून गेलं.

घरी गुंडाळलेल्या तारेचा आवाज फार बारीक निघाला. म्हणून वाद्याच्या पोटातच तीन ट्रान्झिस्टरची एक पट्टी बसवायची, तो आवाज मोठा करून मग बाहेर पाठवायचा, असं ठरलं. ती पट्टी मी केली. ती चालायला नऊ व्होल्टचा चौकोनी सेल. तोही पोटातच. म्हणजे वाद्यात जीव घालणारा मीच, असं मी गल्लीभर सांगितलं.

राहिला फक्त जॅक — वाद्याच्या कडेचं भोक, ज्यात वायरीची पिन खुपसायची आणि आवाज ॲम्प्लिफायरकडे जायचा. तो नानांनी स्वतः लावला. भंगारातून टेलिफोनच्या जुन्या बोर्डाचा जॅक आणला, धातूच्या तीन पट्ट्यांचा. मी म्हणालो, नाना, आपल्याला दोनच लागतात, एक आवाजाची, एक अर्थची, म्हणजे परतीच्या वाटेची. दोन पट्ट्यांचा माझ्याकडे आहे. नाना त्यावर मला काहीतरी समजावून सांगू लागले. मी हं हं केलं. सर्टिफिकेटवाला माणूस चौथी पास माणसाचं जितकं ऐकतो, तितकं ऐकलं.

ज्या दिवशी ती पहिल्यांदा वाजली — काय सांगू तुम्हाला! नानांनी सगळ्यात जाड तार एकदाच छेडली. फळीवरच्या पितळी ताटल्या किणकिणल्या. हंड्यातल्या पाण्यावर गोल गोल सुरकुत्या उठल्या आणि काठाला जाऊन विरल्या. अक्का आतून धावत आली आणि म्हणाली, “हाई काय भूत लयनात तुम्ही घरमा?” नाना हसत होते. आवाज थांबला तरी त्यांचा हात वाद्याच्या अंगावर तसाच होता, जसा माणूस नव्या वासराच्या पाठीवर ठेवतो.

धुळ्याला एक मारवाडी शेठ होते. हार्मोनियम, तबले, बँडची वाद्यं विकायचे. नाना एसटीत वाद्याचं वेगळं तिकीट काढून तिकडे गेले. शेठजींनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, मुंबईहून वाद्य मागवायचं तर खान्देशातल्या ऑर्केस्ट्रावाल्यांची ऐपत नाही, आणि मागवलं तरी बिघडल्यावर बघणार कोण? तुम्ही बनवा, मी विकतो. दुकानामागची खोली तुम्हाला देतो. सुरुवातीला सहा. पण त्यांच्या घराण्याची रीत होती. नवा माल दिवाळीच्या लक्ष्मीपूजनात गादीशेजारी मांडायचा, कुंकू लावायचं, दुकान बंद करायचं. मग लाभपंचमीला जोशीबुवांनी दिलेल्या घटकेत दुकान उघडायचं आणि तो माल चालवून दाखवायचा. शिवणयंत्र असेल तर टाका घालून, घड्याळ असेल तर चावी देऊन. वाद्य असेल तर वाजवून. मधले दिवस त्याला कोणी हात लावायचा नाही.

नाना घरी आले आणि दुसऱ्याच दिवशी जिनिंगमध्ये सांगून मोकळे झाले — या हंगामाला मी नाही. पंधरा वर्षं ज्या माणसाचे कान त्या यंत्रांच्या खडखडाटात गेले, त्याने कायमचं निघायचं ठरवलं. आता ते वाद्य मुहूर्ताला बोलायचं तेवढं बाकी होतं.

धनत्रयोदशीला सकाळी नाना हिशेबाचे चार दिवस भरायला जिनिंगवर गेले होते. अक्का बाजारात. जाताना नानांनी बजावलं होतं, आता तिला कोणी हात लावू नका, ती आता शेठजींची. मी फराळाचा डबा पोचवायला म्हणून गेलो. वाद्य गोधडीत गुंडाळून खाटेवर. मला काय झालं, सांगता येत नाही — एकदा, फक्त एकदा, तो आवाज आपल्या बोटातून काढावा! मी वायर लावली. छेडलं. ताटल्या वाजल्या. पुन्हा छेडलं. मग मला वाटलं, स्टेजवरच्या माणसासारखं उभं राहून बघावं. उभा राहिलो, ऐटीत एक पाऊल मागे टाकलं — ते नेमकं वायरीवर — आणि हिसका बसून जॅक भोकातून उपटून बाहेर आला. दोन वायरी तुटल्या.

मी तो मुडदा गोधडीत गुंडाळला आणि सायकलवरून दुकानात पळवला. शटर अर्धं ओढून घेतलं. पाठ उघडली, जॅक उलटा केला. आणि तेव्हा मला दिसलं की सेलची काळी वायर नानांनी मधल्या पट्टीला लावली होती. तिथे एक टोक लोंबत होतं आणि पट्टीवर कथिलाचा जुना डाग होता, शंकाच नाही. मधली पट्टी? आमच्या वायरीच्या पिनला दोनच भाग — टोक आणि दांडी. मधल्या पट्टीशी कोण बोलणार? हे तर कशालाच जोडलेलं नाही! इतके दिवस वाजतं कसं? बहुतेक कुठेतरी चुकून टेकत असेल. मला हसू आलं. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या हाताला एक गोष्ट झोपेतही येते — जेवढ्या काळ्या वायरी, तेवढ्या अर्थला. मी सेलची काळी वायर अर्थच्या पट्टीला लावली, छान चकचकीत डाग दिला, आवाजाची वायर तिच्या जागी लावली. वायर घालून छेडलं. वाजलं! पहिल्यापेक्षाही चांगलं वाजलं, असंही मला वाटलं.

मी ते परत खाटेवर ठेवलं. आणि ऐका — मला स्वतःचं कौतुक वाटत होतं. नानांची चूक आपण सुधारली आणि त्यांना कमीपणा नको म्हणून सांगणारही नाही, केवढं आपलं मन मोठं! खरंच, असं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी वाद्य धुळ्याला गेलं. तिसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन. मग शटर बंद.

लाभपंचमीला शेठजींच्या दुकानात पांढरीशुभ्र बैठक अंथरली होती. धुळ्याचे ऑर्केस्ट्रावाले, बँडवाले, शेजारचे व्यापारी. शेठजींची आई — सगळे त्यांना माँसा म्हणत — खुर्चीवर. जोशीबुवांनी दिलेली घटका अर्धीच, बारा मिनिटांची. नानांच्या अंगावर नवा टेरिलीनचा शर्ट, घडीच्या रेषा तशाच. ॲम्प्लिफायर माझा, माझ्या दुकानाची पाटी त्यावर ठळक दिसेल असा मी ठेवला होता. माझ्या पिशवीत अवजारं, जादा फ्यूज, जादा वायर आणि जादा सेलही. मी नेहमी सगळं जादा नेतो.

नानांनी नमस्कार केला. पिन खुपसली. छेडलं.

तारेचा नुसता आवाज आला. मच्छरदाणीत माशी अडकावी तसा. नानांनी पुन्हा छेडलं. माँसांनी पुढे वाकून स्पीकरच्या जाळीत डोकावलं आणि म्हणाल्या, “यो तो बोलै कोनी.” म्हणजे, हे तर बोलतच नाही. इथे मी नक्कल करतो. इथे सगळे हसतात.

पहिली शंका अर्थातच ॲम्प्लिफायरवर. मी पिन उपसून तिच्या टोकाला बोट लावलं. स्पीकर भों करून घुमला. मी मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, ॲम्प्लिफायर ठीक आहे. म्हणजे काय म्हणालो, लक्षात येतंय ना? बिघाड माझ्याकडचा नाही. नानांकडचा आहे.

शेठजींनी हळूच विचारलं, सेल तर उतरला नसेल? आणि नाना हसले. घाबरलेल्या माणसाचं हसू नव्हतं ते. ज्याने त्या गोष्टीचा आधीच विचार करून ठेवलाय, त्याचं होतं.

“नही शेठजी. सेल पाच दिन झोपेल शे. वायर मजार गई का ती जागी व्हस, भायेर उनी का झोपी जास. मी जॅकमाच तशी सोय करेल शे.”

तुम्हाला सांगतो, तेव्हा त्या बैठकीवर उभ्या उभ्या मला कळलं. पिनची दांडी लांब असते. ती आत गेली की अर्थच्या पट्टीला टेकते आणि मधल्या पट्टीलाही — दोघींच्या मधला पूलच तो. तेव्हाच सेलची वाट पुरी होते. पिन काढली की पूल गेला, सेल बंद. बटण नको, दिवा नको. विसरायची सोयच ठेवलेली नाही. वाजवणाऱ्याला कळायचंही नाही की वाद्य त्याच्या हाताने जागं होतं आणि त्याच्याच हाताने झोपतं. चौथी शिकलेल्या माणसाला हे कुठून सुचलं? भंगारातल्या तीन पट्ट्यांकडे बघून?

मला आधी लाज वाटली नाही. आधी अंगावर काटा आला. देवळात गाभाऱ्याचं दार उघडल्यावर येतो तसा. असा माणूस माझ्या बहिणीच्या घरात राहतो, माझ्या शेजारी बसून भाकरी खातो, आणि मी त्याला हं हं म्हणत आलो! आणि त्याच्या मागोमाग दुसरी गोष्ट कळली. मी ती वायर सरळ अर्थला लावली होती. माझ्या डागापासून या क्षणापर्यंत, गोधडीत, एसटीत, लक्ष्मीपुढे, बंद दुकानात — वाद्य एक क्षणही झोपलं नव्हतं. आठवडाभर जागून जागून सेल मेला होता.

घड्याळात अजून नऊ मिनिटं होती. जादा सेल माझ्या पिशवीत होता. घालायला एक मिनिट लागलं असतं. ते बोललं असतं. बैठकीखालची फरशी थरथरली असती, माँसा दचकल्या असत्या, सहा वाद्यं झाली असती, मग साठ.

पण सेल बदलल्यावर वाजलं असतं, तर नानांनी विचारलं असतं, सेल का गेला? त्यांनी जॅक उलटा केला असता आणि माझा चकचकीत डाग बघितला असता. सगळ्यांसमोर. माझ्या पाटीच्या शेजारी. हा सगळा विचार मी केला, एकामागून एक, व्यवस्थित. गोंधळून गेलो होतो असं म्हणता आलं असतं तर बरं होतं. माझं डोकं इतकं स्वच्छ कधीच चाललं नव्हतं.

नानांनी पाठ उघडली. बारीक तार बघितली, चुंबक बघितलं, माझ्या ट्रान्झिस्टरच्या पट्टीवर फुंकर मारली. जॅककडे त्यांनी बघितलंच नाही. का बघतील? तो त्यांनी स्वतः लावला होता. त्या एकाच गोष्टीची त्यांना खात्री होती. मग त्यांनी मान वर करून मला विचारलं.

“मधू, तू याले हात लायेल शे का?”

आवाजात संशय नव्हता. डॉक्टर विचारतो ना, काल काय खाल्लं होतं, तसं. मी हो म्हणालो असतो तर ते म्हणाले असते कुठे, आणि दोन मिनिटांत मोकळे झाले असते. रागावलेही नसते. हेही मला त्या क्षणी माहीत होतं.

मी म्हणालो, “नाही नाना.”

घटका संपली. जोशीबुवांनी पंचांग मिटलं. शेठजी वाईट माणूस नव्हते, तुम्ही तसं समजू नका. त्यांनी वाद्याला हात लावून तो कपाळाला नेला आणि म्हणाले, “नाना, तुमच्या हातात विद्या आहे. पण मुहूर्ताला जे बोललं नाही, ते मला गादीवर ठेवता येत नाही. माँसा नाही म्हणतात.” आम्हाला पेढ्यांचा पुडा दिला. एसटीत वाद्य आमच्या मधल्या सीटवर होतं. नाना पूर्ण रस्ता खिडकीबाहेर बघत होते. पारोळा येईपर्यंत मी त्या पुड्यातले दोन पेढे खाल्ले. भूक लागली होती — आता सगळंच सांगायचं म्हटल्यावर हेही सांगतो.

इथपर्यंतचं कदाचित भित्र्या माणसाचं वागणं म्हणून खपेल. पुढचं खपत नाही.

घरी आल्यावर नानांनी वाद्याकडे दोन दिवस बघितलं नाही. अक्का मला म्हणाली, मधू, तू जाणकार आहेस, तू घेऊन जा आणि बघ. मी घेऊन गेलो. माझा डाग काढला. काळी वायर परत मधल्या पट्टीला लावली, अगदी नानांच्या हातासारखा ओबडधोबड डाग दिला. नवा सेल घातला. परत नेऊन दिलं आणि म्हणालो, मी काही केलं नाही, फक्त सेल बदलला, वाजतंय.

नानांनी जॅक उघडून बघितला. बराच वेळ. सगळं त्यांनी लावलं होतं तसंच होतं. मग सेल का संपला? त्यांना कळेना. आणि ते शोधायला त्यांनी काय केलं माहीत आहे? पिन काढलेल्या वाद्यात नवा सेल घालून ठेवला आणि त्यात जीव आहे का ते रोज जिभेला लावून बघू लागले. आठ दिवस. सेल झणझणीत. पुन्हा पंधरा दिवस. पुन्हा झणझणीत. मी येता-जाता बघायचो. नाना अंगणात बसलेले, जीभ बाहेर, डोळे मिटलेले. मी एकदा त्यांची थट्टासुद्धा केली — नाना, आता मीठ लावून चाखा. ते हसले.

त्यांना वाटू लागलं की आपल्या त्या सोयीतच काहीतरी खोट आहे, जी कधी दिसते, कधी दिसत नाही. यंत्र समजणाऱ्या माणसाला याहून वाईट काय असणार? तुटलेलं तो जोडतो. पण सगळं बरोबर असून चुकलं, तर त्याने कशावर भरवसा ठेवायचा? त्यांनी ठेवला नाही. दुसरं वाद्य बनवलं नाही. जिनिंगमध्ये पुन्हा जाऊन उभे राहिले. ठेवून घेतलं, त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या फिटरच्या हाताखाली. घरी कोणाचा पंखा, कोणाची शेगडी दुरुस्त करायला आली तरी म्हणायचे, मधूले दावा. मना हात आते बराबर नही.

मला दाखवायचे लोक. मी करून द्यायचो.

सातेक वर्षं गेली. एका फिरत्या ऑर्केस्ट्राचा वादक माझ्या दुकानात परदेशी बास गिटार घेऊन आला. आवाजात खरखर होती. तिच्याही पोटात सेल होता. मी पाठ उघडली. जॅकला तीन पट्ट्या होत्या. सेलची काळी वायर मधल्या पट्टीला.

मी स्टुलावर बसलो. सात समुद्रांपलीकडे कोणीतरी शिकलेल्या इंजिनिअरांनी, कारखान्यात, नकाशे काढून जे केलं होतं, ते आमच्या नानांनी शिलाई मशीनशेजारी बसून केलं होतं. कोणाचं न बघता. मग मी दुकान तसंच टाकून नानांना बोलवायला गेलो. हे मला आजही विचित्र वाटतं — मी गेलो. सांगायचं ठरवूनच गेलो होतो. रस्ताभर वाक्य जुळवत होतो.

नाना चष्मा लावून त्या जॅककडे बघत राहिले. बोट न लावता. मग त्यांनी विचारून पिन आत घातली, बाहेर काढली, पुन्हा घातली, आणि दांडी दोन्ही पट्ट्यांना कशी टेकते ते वाकून बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी याआधी एकदाच बघितलं होतं, पितळी ताटल्या वाजल्या त्या दिवशी.

“म्हंजे मी बराबर व्हतू,” ते म्हणाले.

मी म्हणालो, हो नाना. तुम्ही बरोबर होता.

ते हसले. चष्मा काढून पुसला. आणि मग, अगदी साधेपणाने, जसं काही सात वर्षांत पहिल्यांदाच सुचलंय तसं, त्यांनी मला विचारलं, “मंग त्या दिन का बरं नही वाजनं?”

जॅक आमच्या दोघांच्या मध्ये उघडा पडला होता. काळी वायर समोर होती. मला फक्त बोटाने दाखवायचं होतं. दुकानात तिसरं कोणी नव्हतं. वादक चहाला गेला होता. नानांचा माझ्यावर राग नव्हता, घाई नव्हती. जगात कोणाला याहून सोपी वेळ मिळाली नसेल.

मी म्हणालो, “नशीब, नाना.”

त्यांनी मान हलवली. नशिबाला नाही म्हणणारे ते नव्हते. पाठीचं झाकण त्यांनी स्वतः लावलं, चारही स्क्रू हलक्या हाताने पिळले. कोणी केलं असेल हे काम, फार चांगला माणूस असेल, असं म्हणाले, आणि घरी गेले.

ते गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. अक्का म्हणते, त्या धुळ्याच्या प्रसंगात सगळ्यांनी त्यांना नावं ठेवली, एक माझा मधूच त्यांच्या पाठीशी उभा राहिला.

त्या लाभपंचमीला नानांचं वाद्य वाजलं नाही, कारण त्याची काळी वायर मी हलवली होती. एवढंच वाक्य होतं. नाना त्या वाक्याची वाट बघत माझ्यासमोर दोनदा उभे होते, आणि मी ते त्यांना सांगितलं नाही.